हजारो जनुकं वेगळी निघाली. त्यातलं कारण कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकाच जातीच्या माशाचे दोन प्रकार, एकाला डोळे आहेत, दुसऱ्याला नाहीत. दोघांच्या भ्रूणांचं आरएनए-सीक्वेन्सिंग केलं, म्हणजे कुठल्या जनुकाचा आरएनए किती तयार होतो ते मोजलं, तर काही हजार जनुकांची ही पातळी वेगवेगळी निघाली. यातलं उत्क्रांतीत खरोखर बदललेलं काय आणि त्या बदलामागून फरफटत आलेलं काय, हे ओळखायचं कसं?

नुसत्या यादीवरून ते ओळखता येत नाही. जनुकाची पातळी दोन वाटांनी बदलते. एक म्हणजे त्या जनुकाच्या आसपासचा डीएनए, त्याचा प्रमोटर (जिथून जनुक वाचायला सुरुवात होते तो तुकडा) किंवा दूरवर बसलेला एनहान्सर (जनुक कुठे, केव्हा, किती चालावं हे ठरवणारा तुकडा), स्वतःच बदललेला असतो. हा सिस बदल. दुसरी म्हणजे जनुकाचा डीएनए तसाच आहे, पण त्यावर येऊन बसणारी प्रथिनं किंवा शेजारच्या पेशींकडून येणारे संकेत बदललेत. हा ट्रान्स बदल. दोन शुद्ध प्रकार शेजारी ठेवून पातळी मोजली, तर या दोन्हींची बेरीज हातात येते. वजाबाकी करता येत नाही. वजाबाकीसाठी दोघांचा संकर लागतो, कारण संकराच्या प्रत्येक पेशीत जनुकाची दोन्हींकडची प्रत एकाच केंद्रकात, त्याच प्रथिनांच्या गराड्यात असते. तिथेही एक प्रत जोरात आणि दुसरी मंद चालत असेल, तर दोष त्या प्रतीच्याच डीएनएत आहे.

यासाठी सगळ्यात सोयीचा प्राणी म्हणजे मेक्सिकोचा ॲस्टियानॅक्स मेक्सिकॅनस. ईशान्य मेक्सिकोतल्या सिएरा दे एल आब्रा आणि लगतच्या डोंगरांतल्या चुनखडीच्या सुमारे तीस गुहांत त्याचे आंधळे, फिकट समूह राहतात आणि बाहेरच्या नद्यांत डोळस, रंगीत मासे. वेगळे झाल्याला किती काळ लोटला यावर वाद आहे, अंदाज वीस हजार वर्षांच्या आतपासून जवळजवळ दोन लाख वर्षांपर्यंत जातात. आपल्या कामाचं एवढंच की दोघांचा संकर आजही होतो आणि तो प्रजननक्षम असतो. गुहेतल्या भ्रूणात डोळा सुरुवातीला तयार होतो, पण लहान. मग साधारण पहिल्या दिवसाच्या अखेरीस त्याच्या भिंगातल्या पेशी मरायला लागतात आणि डोळा हळूहळू खोबणीत बुजतो.

इथे एक सावधगिरी. मुंबई-पुण्याच्या मत्स्यालयाच्या दुकानांत ‘ब्लाइंड केव्ह टेट्रा’ नावाने मिळणारा मासा हाच, पण त्याचा वंश बहुतांशी क्वेव्हा चीका या गुहेतल्या माशांचा आहे. त्या गुहेत नदीतल्या माशांचं रक्त मिसळलेलं आहे. तो घरी पाळायला उत्तम, या प्रयोगाला निरुपयोगी. कारण कुठली प्रत गुहेची आणि कुठली नदीची, हेच निश्चित राहत नाही. पाचोनसारख्या गुहेचा, वंशावळ ठाऊक असलेला साठाच घ्यायला हवा.

आता मोजणीआधीचं काम. बहुतेक प्रयोग इथेच फसतात. भ्रूणात जनुकांची पातळी तासागणिक बदलते, त्यामुळे एक प्रकार दुसऱ्यापेक्षा तासभर पुढे असला तरी शेकडो जनुकं ‘वेगळी’ दिसतात आणि त्यांचा उत्क्रांतीशी काडीचा संबंध नसतो. वेग तापमानावर अवलंबून असतो. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या झेब्राफिश या माशासाठीचं सूत्र सोपं आहे: २८.५ अंशांना जो टप्पा क्ष तासांत येतो, तो त अंशांना क्ष भागिले (०.०५५ त − ०.५७) इतक्या तासांत येतो. म्हणजे चोवीस तासांचा टप्पा २५ अंशांना जवळपास तीस तासांवर जातो. ॲस्टियानॅक्स झेब्राफिशपेक्षा घाईचा आहे, त्यामुळे हे आकडे त्याला जसेच्या तसे लावायचे नाहीत. पण अंशभराच्या फरकाने किती घोळ होतो ते यावरून कळतं. दोन्ही प्रकारांची भांडी एकाच इन्क्युबेटरमध्ये, एकाच फळीवर ठेवा, आणि भ्रूण घड्याळावरून न निवडता खुणांवरून निवडा: गॅस्ट्रुलेशनच्या (भ्रूणाचे मूळ थर तयार होण्याच्या) वेळी पेशींच्या थराने बलकाचा किती भाग झाकला, पुढे सोमाइट, म्हणजे पाठीलगतचे पेशींचे ठोकळे, किती झाले. दोन सोमाइटांच्या आतले भ्रूणच एका गटात घ्या.

भ्रूण मिळवायला माशांना तापमानाचा धक्का देतात. काही दिवस २२ अंशांच्या आसपास ठेवून पाणी २६ पर्यंत वाढवलं की मादी रात्री अंडी घालते. रात्रभरात केव्हातरी घातलेली अंडी मात्र एका वयाची नसतात. नेमकी वेळ हवी तर अंडी आणि शुक्र हाताने काढून फलन करा: मादीचं पोट ओल्या बोटांनी हलकं दाबून अंडी कोरड्या पेट्री डिशमध्ये, नराचं शुक्र काचेच्या केशनळीत, दोन्ही एकत्र आणि मगच पाणी. पाणी आधी पडलं तर शुक्रपेशी मिनिटभरात निकामी होतात आणि फलनाचं प्रमाण कोसळतं. उलटसुलट दोन्ही जोड्या लावा, म्हणजे नदीची मादी आणि गुहेचा नर, शिवाय गुहेची मादी आणि नदीचा नर. त्याचं कारण पुढे येतंय.

नमुने किती? एका नळीत वीस-तीस भ्रूण चालतील, पण एका मादीच्या एकाच घाण्यातून भरलेल्या चार नळ्या म्हणजे चार नमुने नव्हेत. तो एकच नमुना चारदा मोजला. वेगवेगळ्या पालकांचे निदान चार, जमलं तर सहा घाणे प्रत्येक प्रकाराचे आणि प्रत्येक दिशेच्या संकराचे घ्या. भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा, आरएनए काढताना डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) लावायला विसरू नका. राहिलेला जीनोमिक डीएनए प्रतींचं गुणोत्तर पन्नास-पन्नासकडे ओढतो आणि खरा फरक दाबून टाकतो. आरएनएचा दर्जा दर्शवणारा आरआयएन आकडा आठच्या खाली असेल तर ती नळी सरळ बाद करा.

साध्या तुलनेला नमुन्यामागे तीसेक दशलक्ष रीड (वाचलेले छोटे तुकडे) पुरतात. संकरात प्रत्येक प्रत वेगळी मोजायची असेल तर पन्नास ते ऐंशी दशलक्ष आणि १५० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) जोड-रीड घ्या, कारण ज्या रीडवर दोन प्रतींमधला एखादा बेस वेगळा आहे तीच उपयोगाची, बाकीच्या मुक्या. प्रत्यक्ष पालकांचा डीएनए पंचवीस-तीस पट खोलीने वाचून घ्या आणि ज्या जागी आई एका बेसची शुद्ध, बाप दुसऱ्या बेसचा शुद्ध, तेवढ्याच जागा ठेवा. ज्या जनुकात अशी एकही जागा नाही त्याबद्दल हा प्रयोग काहीच सांगणार नाही.

गणित उदाहरणाने पाहू. एखादं जनुक नदीच्या भ्रूणात गुहेतल्यापेक्षा आठपट चालतं. दोनच्या घातांकात हा फरक ३. संकरात नदीची प्रत गुहेच्या प्रतीच्या चौपट चालते, म्हणजे घातांक २. तर सिसचा वाटा २ आणि उरलेला १ ट्रान्सचा. संकरातही आठास एक आलं असतं तर सगळा दोष सिसचा, एकास एक आलं असतं तर सगळा ट्रान्सचा. कधीकधी पालकांत फरक नसतो आणि संकरात मात्र स्पष्ट दिसतो. तिथे सिस आणि ट्रान्स बदल एकमेकांना उलट दिशेने खेचून बरोबरीत आलेले असतात. अशी जनुकं साध्या तुलनेत कधीच सापडत नाहीत.

यात दोन फसवणुका हमखास होतात. पहिली संदर्भ जीनोमची, म्हणजे ज्या जीनोमशी रीड ताडून पाहतात त्याची. रीड नदीतल्या माशाच्या जीनोमवर जुळवल्या तर गुहेच्या प्रतीच्या रीडमध्ये एक-दोन बेस जास्त न जुळणारे निघतात, त्यातल्या काही गळतात आणि गुहेची प्रत सगळीकडे थोडी मंद भासते. हा कल दिसायला अगदी जीवशास्त्रीय असतो, म्हणून जास्त धोक्याचा. उपाय म्हणजे दोन्हींचे जीनोम घेऊन दोन्हींवर जुळवणं, किंवा वेगळ्या बेसच्या जागा झाकून जुळवणं. आणि तपासणी म्हणून संकराचा जीनोमिक डीएनए त्याच वाटेने चालवा. तिथे प्रत्येक जागी एकास एक यायलाच हवं. जिथे येत नाही ती जागा काढून टाका. सांख्यिकीत साधी द्विपद चाचणी वापरू नका, ती घाण्याघाण्यांतला चढउतार धरत नाही आणि खोट्या जनुकांची रास लावते. हा चढउतार धरणारं बीटा-द्विपद प्रारूप घ्या.

दुसरी फसवणूक आईची. भ्रूणाचा स्वतःचा जीनोम लगेच जागा होत नाही. झेब्राफिशमध्ये तो साधारण तिसऱ्या तासाला चालू होतो. तोवर सगळा कारभार आईने अंड्यात भरून दिलेल्या आरएनएवर चालतो आणि त्यातला काही पुढेही टिकतो. त्यामुळे लवकरच्या संकरात ‘नदीची प्रत जोरात’ याचा अर्थ एवढाच असू शकतो की आई नदीची होती. ॲस्टियानॅक्समध्ये गुहेतल्या आणि नदीतल्या मादीच्या अंड्यांतला आरएनए वेगळा असतो आणि त्याचे परिणाम पुढच्या घडणीत दिसतात, म्हणून हा प्रश्न इथे जास्तच बोचतो. उलटसुलट जोड्या लावायच्या त्या यासाठी: जोडी उलटली की गुणोत्तरही उलटत असेल, तर तो आईचा माल आहे, सिस बदल नव्हे.

हे पथ्य पाळून केलेल्या कामातून काय निघालं, तर २०२२ साली फ्रान्समधल्या गटाने गॅस्ट्रुलेशनच्या अखेरीचे, म्हणजे दहाएक तासांचे भ्रूण तपासले. तेव्हा डोळ्याचं नावनिशाणही नसतं, फक्त त्याची जागा ठरत असते. तरीही ट्रान्सक्रिप्टोमचा, म्हणजे चालू जनुकांच्या सगळ्या आरएनएचा, सुमारे २० टक्के भाग दोन प्रकारांत वेगळा होता. संकरातली प्रतींची गुणोत्तरं पाहिली तर फरकाचा जवळजवळ सगळा भार सिस बदलांवर निघाला, आणि प्रथिनाचा क्रम बदलणाऱ्या उत्परिवर्तनांचा वाटा किरकोळ. सिस बदल असलेल्या १०८ जनुकांतून त्यांनी आरएक्स३ हे एक उचललं. डोळ्याचं क्षेत्र आखून देणारं हे जनुक गुहेतल्या भ्रूणात कमी जागेत आणि कमी जोराने चालतं.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, आणि कारण आकडे नव्हेत. ‘कमी जागेत’ आणि ‘कमी जोराने’ या दोन गोष्टी आपण सहज एकच समजतो. त्या दोन वेगळ्या वाटांनी बदललेल्या निघाल्या. पेशीमागे आरएक्स३ किती, हे त्या पेशीच्या स्वतःच्या प्रतीवर ठरतं; शेजार बदलला तरी ते बदलत नाही. पण आरएक्स३ किती पेशींत चालू होणार, म्हणजे क्षेत्राचा आकार, तो बाहेरून येणाऱ्या डब्ल्यूएनटी आणि बीएमपी संकेतांवर ठरतो. अख्ख्या भ्रूणाचा आरएनए दळून मोजला तर दोन्हींचा मिळून एकच आकडा मिळतो: ‘आरएक्स३ कमी’. म्हणून पातळी कळली की लगेच जागा पाहायला हवी.

जागा पाहायची रीत म्हणजे इन सिटू हायब्रिडायझेशन: जनुकाच्या आरएनएला चिकटणारा खुणेचा तुकडा (प्रोब) घालून तो भ्रूणात कुठे आहे ते रंगाने दाखवायचं. त्यातल्या खाचाखोचा अशा. भ्रूण ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ४ अंशांना रात्रभर, मग मिथेनॉलमध्ये उणे २० अंशांना. प्रोटिनेज के (प्रथिनं पचवणारं विकर) मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम. दिवसभराच्या भ्रूणाला दहा-पंधरा मिनिटं, दोन दिवसांच्याला अर्ध्या तासापर्यंत, दहा तासांच्याला जवळपास नाहीच. जास्त झालं तर वरचा थरच सुटून येतो. प्रोब रात्रभर ६५ ते ७० अंशांना. तुलना खरी हवी तर दोन्ही प्रकारांचे भ्रूण एकाच नळीत रंगवा आणि एका वेळी थांबवा. ओळख पटावी म्हणून मोठ्या भ्रूणांत एका प्रकाराच्या शेपटीचं टोक आधीच कापून ठेवतात. दहा तासांच्या भ्रूणाला शेपटीच नसल्याने तिथे नळ्या वेगळ्या ठेवून सगळी द्रावणं एकाच बाटलीतली आणि वेळ सेकंदावर सारखी ठेवावी लागते. एनबीटी-बीसीआयपीचा निळा रंग वेळेबरोबर साचत जातो, त्यामुळे त्यावरून क्षेत्राचा आकार सांगता येतो, पातळी सांगता येत नाही. पातळी हवी तर चमकणाऱ्या प्रोबचं एचसीआर (हायब्रिडायझेशन चेन रिॲक्शन) करा.

रंगद्रव्याचा एक सापळा इथेच आहे. काळ्या ठिपक्यांनी इन सिटू झाकलं जाऊ नये म्हणून भ्रूणांना ०.००३ टक्के पीटीयू (रंगद्रव्य बनू न देणारं रसायन) देण्याची प्रथा आहे. पाचोनचे मासे मुळातच पांढरे, म्हणून पीटीयू फक्त नदीच्या भ्रूणांना देण्याचा मोह होतो. पीटीयू थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतं. म्हणजे एका गटाला औषध, दुसऱ्याला नाही, आणि वर तुलना. द्यायचंच तर दोघांना द्या, किंवा रंगद्रव्य फिक्स केल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडने उडवा. सीक्वेन्सिंगच्या भ्रूणांना तर पीटीयू देऊच नका.

आता यादीतला सगळ्यात मोठा कचरा. तीन दिवसांच्या भ्रूणांची डोकी कापून तुलना केली तर भिंगातली पारदर्शक प्रथिनं बनवणारी क्रिस्टॅलिन जनुकं पार खाली गेलेली दिसतात. साहजिक आहे, भिंगच आक्रसलेलं आहे. पेशीच कमी झाल्या की त्यांचा आरएनएही कमी होतो. यात नियमन बदललंय असं काही नाही. पण सगळी क्रिस्टॅलिनं एका पोत्यात भरू नका: अल्फा-ए क्रिस्टॅलिन पेशीला मरणापासून वाचवणारं प्रथिन आहे आणि गुहेतल्या भिंगात ते लवकरच घटतं. तेव्हा वेगळी दिसणारी पातळी परिणाम आहे की कारण, हे ठरवायला शारीरिक फरक दिसू लागण्याच्या आधीचा टप्पा हवाच. आणि माशांपुरती आणखी एक गोष्ट: हाडांच्या बहुसंख्य माशांच्या पूर्वजात अख्खा जीनोम दुप्पट झाला होता, त्यामुळे बऱ्याच जनुकांच्या दोन-दोन प्रती आहेत. छोट्या रीड कुठल्या जोडीदारावर बसवायच्या हे सॉफ्टवेअरला कळलं नाही, तर एक वर जाताना आणि दुसरं खाली जाताना दिसतं. एकापेक्षा जास्त जागी बसणाऱ्या रीड मोजणीतून वगळा.

सिस बदल सापडला म्हणजेही कारण सापडलं असं नाही. १०८ जनुकांतली किती डोळ्याशी निगडित आहेत आणि किती निव्वळ योगायोगाने घसरलेली, हे संकर सांगत नाही. त्यासाठी तुकडा हलवून पाहावा लागतो. याबाबत आदर्श काम स्टिकलबॅक या तीन काट्यांच्या माशावर झालंय. हिमयुग ओसरल्यावर समुद्रातून गोड्या पाण्याच्या तळ्यांत अडकलेल्या काही समूहांचे पोटाखालचे काटे नाहीसे झाले. त्यांचं पिटएक्स१ हे प्रथिन समुद्री माशासारखंच आहे, डोक्याच्या भागात ते व्यवस्थित चालतं, फक्त पोटाखालच्या कळीत चालत नाही. २०१० साली दाखवलं गेलं की त्या जागेसाठीचा ‘पेल’ नावाचा एनहान्सरच तिथे गळून पडलाय, आणि तोही वेगवेगळ्या तळ्यांत स्वतंत्रपणे. मग पूर्ण काटे असलेल्या माशातला सुमारे अडीच हजार बेसचा पेल तुकडा पिटएक्स१ला जोडून अलास्कातल्या बेअर पॉ तळ्याच्या, काटे नसलेल्या माशाच्या अंड्यात टोचला, तर काटे पुन्हा उगवले. तोच तुकडा पुन्हापुन्हा का गळतो, याचं उत्तर २०१९ मध्ये मिळालं: तिथे टी-जी या जोडीची लांब पुनरावृत्ती आहे, डीएनएचा पीळ तिथे विस्कटतो आणि धागा सहज तुटतो.

अशा माशांची ओळख डोळ्यांनीही पटते. पोटाखालचं उरलंसुरलं हाड डाव्या बाजूला उजवीपेक्षा मोठं असतं, कारण डाव्या बाजूला पिटएक्स२ हे भावंड-जनुक चालू असतं आणि थोडी भरपाई करतं. अलिझरिन रेडने हाडं रंगवून दोन्ही बाजू मोजा. डावीकडे झुकाव दिसला तर पहिला संशय पिटएक्स१वर घ्यायचा.

वेळ चुकली तर संकरही काही सांगत नाही, याचा दाखलाही याच माशात आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या पॅक्स्टन तळ्याच्या तळाशी राहणाऱ्या स्टिकलबॅकच्या घशात समुद्री माशापेक्षा जास्त दात असतात. लहानपणी संख्या सारखीच असते, फरक नंतर पडत जातो. संकरात बीएमपी६ या जनुकाची गोड्या पाण्याकडची प्रत सुरुवातीला समुद्रीच्या बरोबरीने चालते आणि दातांच्या संख्येत फरक पडू लागतो त्याच सुमारास मंदावते. फक्त लहान पिल्लं तपासली असती तर बीएमपी६ निर्दोष सुटलं असतं. म्हणून निदान तीन टप्पे घ्या: फरक दिसण्याच्या बराच आधी, ऐन सुरुवातीला आणि नंतर.

एनहान्सर तपासायची नेहमीची पद्धत म्हणजे तो तुकडा, किमान प्रमोटर आणि जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असा टॉल-टू प्लाझ्मिड, म्हणजे हा तुकडा जीनोममध्ये नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ. प्लाझ्मिड आणि ट्रान्सपोझेजचा (तुकडा जीनोममध्ये बसवणाऱ्या विकराचा) आरएनए दोन्ही मायक्रोलिटरला २५ नॅनोग्रॅमच्या आसपास, एका पेशीच्या भ्रूणात एक नॅनोलिटर. टोचलेल्या पिढीत चमक ठिगळाठिगळांची असते, त्यावर निष्कर्ष काढू नका. पुढची पिढी वाढवा आणि तुकडा जीनोममध्ये वेगवेगळ्या जागी बसलेल्या निदान तीन वंशांत तोच नमुना दिसतो का पाहा. एकाच वंशात दिसला तर तो शेजारच्या कुठल्यातरी दुसऱ्या एनहान्सरचा प्रताप असू शकतो. गुहेचा आणि नदीचा तुकडा दोन्ही स्वतंत्र टोचा. नुसता नदीचा तुकडा चमकला याने फरक सिद्ध होत नाही.

सगळं नियमनातच घडतं असंही नाही. त्याच गुहेतल्या माशांचा पांढरेपणा ओसीए२ या जनुकामुळे आहे आणि पाचोन व मोलिनो या दोन गुहांत त्याच्या प्रथिनाच्याच क्रमातून वेगवेगळे तुकडे उडालेले आहेत. पण ओसीए२चं काम रंगद्रव्यापुरतं. ते मोडलं तरी मासा जगतो. पिटएक्स१ जबड्यालाही लागतं, आरएक्स३ मेंदूच्या पुढच्या भागाशी गुंतलेलं. अशी जनुकं पूर्ण मोडली तर पिल्लूच हाती लागत नाही. त्यांचा एका जागेचा, एका वेळेचा खटका काढला तर भागतं. सॉनिक हेजहॉग हे पेशींना संकेत देणारं जनुक तर दुधारी आहे. गुहेतल्या भ्रूणात मधल्या रेषेवर त्याचं क्षेत्र रुंदावतं. नदीच्या भ्रूणात त्याचा आरएनए टोचून पातळी वाढवली तर भिंग मरतं आणि डोळा खुंटतो, पण त्याच वाढीव संकेताने गुहेतल्या माशाच्या तोंडातल्या चवीच्या कळ्या वाढतात. अंधारात अन्न शोधायला त्या कामी येतात. डोळा ‘वापराविना’ गेला की या व्यवहारात गेला, यावर अजून भांडण आहे. मला दोन्ही थोडंथोडं खरं वाटतं.

पैसे एकाच प्रयोगापुरते असतील तर शुद्ध प्रकारांची तुलना सोडून द्या आणि सगळा निधी संकरांवर घाला: दोन्ही दिशांच्या जोड्या, प्रत्येकीचे चार घाणे, तीन टप्पे. ही सीक्वेन्सिंगसाठी तयार करायच्या नमुन्यांची चोवीस ‘ग्रंथालयं’ (लायब्ररी) झाली. त्यावर पालकांचा डीएनए आणि संकराच्या डीएनएची एक तपासणी. ट्रान्सचा हिशेब यातून सुटेल, तो नंतर पालकांचे आठ-दहा नमुने वाचून भरून काढता येतो. उलट क्रमाने गेलात तर हातात पुन्हा तीच हजारोंची यादी येईल.